मेंदूतील अ‍ॅरॅक्नॉइड सिस्ट आणि एकदाच आलेली फिट: शस्त्रक्रिया आताच करून घ्यावी का?

सुरंगी, मालवण (२२ जून)

नमस्कार. माझे यजमान बेचाळीस वर्षांचे आहेत आणि आमच्या घरच्या यांत्रिक नौकेवर तांडेल, म्हणजे नौकेचे प्रमुख म्हणून जातात. मे महिन्याच्या अखेरीस, मासेमारीबंदी लागू होण्याच्या दोन दिवस आधी, नौका वर ओढून झाली होती आणि झावळ्यांनी शाकारण्याचे काम चालू होते. त्या वेळी खलाशांशी बोलता बोलता ते मध्येच थांबले, शब्द फुटेना, उजव्या हाताची बोटे वळू लागली, तोंड उजवीकडे ओढले गेले आणि पाहता पाहता सर्वांगाला झटके येऊन ते वाळूवर कोसळले. दोन-तीन मिनिटांत झटके थांबले. तोवर कोणी नाकाशी कांदा धरला होता, कोणी दातांत चमचा घालण्याच्या प्रयत्नात होते. शुद्धीवर आल्यावर अर्धा तास त्यांना आपल्या धाकट्या भावाचे नाव आठवत नव्हते.

एमआरआयमध्ये डाव्या टेम्पोरल भागाला लागून ४.८ × ३.६ सेंटिमीटर आकाराची अ‍ॅरॅक्नॉइड सिस्ट दिसली. ‘गॅलासी टाइप २, मध्यरेषा सरकलेली नाही, व्हेंट्रिकल्स सामान्य’ असे अहवालात लिहिले आहे. व्हेंट्रिकल्स म्हणजे मेंदूतील पाण्याचे कप्पे. फिट येऊ नये म्हणून लेव्हेटिरासिटॅम ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा चालू केली आहे. तेव्हापासून पुन्हा फिट आलेली नाही.

आम्ही दोन ठिकाणी दाखवले. एका न्यूरोसर्जनच्या मते दुर्बिणीतून सिस्टला छिद्र पाडून घ्यावे आणि बंदीचे दोन महिने हातात आहेत तोवरच हे उरकावे. दुसऱ्या ठिकाणच्या न्यूरोफिजिशियनच्या मते सध्या गोळ्या पुरेशा आहेत, सहा महिन्यांनी एमआरआय पुन्हा काढावा. दोघेही अनुभवी आहेत आणि दोघांनीही अगदी शांतपणे सांगितले. त्यामुळे आमचा गोंधळ अधिकच वाढला आहे.

आणखी दोन गोष्टी सांगणे आवश्यक वाटते. त्यांचे डोके दोन वर्षांपासून दुखते आहे. दुखणे बहुधा दुपारी, उन्हातून आल्यावर किंवा इंजिनाच्या धुराने सुरू होते. मग उजेड सहन होत नाही आणि मळमळते. हंगामात ते औषधाच्या दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी जवळजवळ रोज घेत असत. दुसरी गोष्ट अशी की, गेल्या तीन आठवड्यांत त्यांचा स्वभाव पालटला आहे. आवाज न चढवणारा माणूस परवा आमटीत मीठ कमी म्हणून ताट सरकवून उठला. सिस्टचा दाब स्वभावावर येतो आहे का, या विचाराने मला झोप लागत नाही.

सासूबाई म्हणतात, डोक्यात नको ते आहे तर काढून मोकळे व्हा. दीर म्हणतात, गोव्याला बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात आणखी एकदा दाखवू. यजमान स्वतः एवढेच विचारतात, की १ ऑगस्टला नौका पाण्यात जाणार, तेव्हा मी तिच्यावर असेन की नाही. ज्यांनी या प्रसंगातून वाट काढली आहे, त्यांनी निर्णय कशाच्या आधारावर घेतला हे कृपया सांगावे.

कातळ, राजापूर (२३ जून)

ताई, मी निवृत्त वैद्यकीय अधिकारी आहे. न्यूरोसर्जन नाही आणि तुमच्या यजमानांच्या एमआरआयचे फोटो मी पाहिलेले नाहीत. म्हणून शस्त्रक्रिया करा किंवा करू नका, यांपैकी काहीच सांगणार नाही. मात्र दोन चांगल्या डॉक्टरांची मते वेगळी का पडली, हे समजले तर तुमचा गोंधळ काहीसा कमी होईल.

अ‍ॅरॅक्नॉइड सिस्ट हा कर्करोग नव्हे आणि नेहमीच्या अर्थाने गाठही नव्हे. मेंदूवरच्या पातळ आवरणाचे पदर बहुतेक वेळा जन्माआधीच विलग होतात आणि त्यांच्यामध्ये मेंदूभोवतीचेच स्वच्छ पाणी साचून पिशवी तयार होते. कानशिलामागचा, म्हणजे टेम्पोरल भागाचा खळगा ही तिची सर्वांत नेहमीची जागा असून डावी बाजू आणि पुरुष यांच्यात ती अधिक आढळते. १९८२ मध्ये गॅलासी आणि सहकाऱ्यांनी या जागेतील सिस्टचे आकार आणि स्वरूप यांवरून तीन प्रकार केले, त्यांपैकी तुमचा मधला. प्रौढ माणसात ती सहसा वाढत नाही. पुष्कळांना ती आपल्या डोक्यात आहे याचा पत्ता आयुष्यभर लागत नाही, किंवा दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या फोटोत ती अवचित दिसते.

मतभेदाचे मूळ इथेच आहे. डोक्यात सिस्ट आहे आणि डोके दुखते आहे, एवढ्यावरून सिस्टमुळे डोके दुखते असे ठरत नाही. कवटीतला दाब वाढल्याची डोकेदुखी सहसा पहाटे किंवा झोपेतून उठताना अधिक असते, खोकल्याने, वाकल्याने, जोर लावल्याने वाढते, तिच्याबरोबर उलट्या होतात आणि दृष्टी क्षणभर अंधारते. तुम्ही वर्णन केलेली डोकेदुखी उन्हाने आणि धुराने सुरू होते आणि तिच्यात उजेड नकोसा होतो. हे वर्णन अर्धशिशीशी अधिक जुळते. त्यातच रोजची वेदनाशामक गोळी! महिन्यातून पंधरा किंवा त्याहून अधिक दिवस, आणि तेही महिनोन् महिने, अशा गोळ्या घेतल्या तर गोळीच डोकेदुखीचे कारण होऊन बसते. किनाऱ्यावरच्या दवाखान्यांत मी हे इतक्या वेळा पाहिले आहे की, डोकेदुखीच्या रुग्णाला पहिला प्रश्न मी गोळ्यांच्या पाकिटाचाच विचारत असे.

फिटची गोष्ट मात्र निराळी आहे. वाचा थांबणे, उजवा हात आणि चेहऱ्याची उजवी बाजू यांवरून फिट मेंदूच्या डाव्या बाजूला सुरू झाली असावी असे वाटते, आणि सिस्टही डावीकडेच आहे. म्हणून तिला निर्दोष ठरवून मोकळे होता येणार नाही. तरीही पाणी दाबते म्हणून फिट येते, की सिस्टशेजारचा मेंदूचा भाग जन्मतःच नीट घडलेला नसतो म्हणून येते, हा प्रश्न उरतोच. दुसरे कारण खरे असेल तर पाणी काढल्याने त्या पेशी बदलत नाहीत. शस्त्रक्रियेनंतर फिट थांबल्याची उदाहरणे आहेत, तशी गोळ्या पुढे चालूच ठेवाव्या लागल्याचीही आहेत. ईईजी, म्हणजे मेंदूतील विद्युत लहरींचा आलेख, झाला आहे का, हे तुम्ही लिहिलेले नाही. झाला नसेल तर तो करून घ्यावा. त्याचबरोबर नेत्रतज्ज्ञांकडून बाहुली मोठी करून डोळ्याच्या मागच्या पडद्याची तपासणी करावी. दृष्टीच्या मज्जातंतूच्या तोंडाशी सूज असेल तर कवटीत दाब आहे असे समजावे आणि मग थांबण्याच्या बाजूचे पारडे एकदम हलके होते. ही तपासणी अगदी साधी आहे, पण एमआरआयच्या चकचकीत फोटोंपुढे तिची आठवणच राहत नाही.

रेडिओलॉजिस्टना आणखी एक गोष्ट विचारून ठेवावी. एपिडर्मॉइड नावाची दुसरी सिस्ट काही फोटोंत अशीच पाण्यासारखी दिसते, पण एमआरआयच्याच डिफ्युजन या प्रकारच्या फोटोत ती पांढरी उजळते आणि अ‍ॅरॅक्नॉइड सिस्ट काळीच राहते. शेजारी कोणी ‘डोक्यात जंत झाला’ असे म्हणत असतील, तर तो सिस्टिसर्कोसिस हा संपूर्ण वेगळा आजार आहे. आपल्या देशात तो फिटचे मोठे कारण असला, तरी त्याचे फोटो निराळे दिसतात आणि उपचार बहुतेक वेळा औषधांनी होतो.

स्वभावातील बदलाविषयी सांगतो. लेव्हेटिरासिटॅमने चिडचिड, उदासी आणि क्वचित रागाचे झटके येतात, हे सर्वज्ञात आहे. तीन आठवड्यांपूर्वी सिस्ट नव्याने उगवली नाही. नव्याने चालू झाली ती गोळी. डॉक्टरांना हे सांगावे, ते मात्रा किंवा औषध बदलतील. परंतु स्वतःच्या मनाने एकही गोळी चुकवू नये, कारण औषध एकदम बंद केल्यास फिट उसळून येऊ शकते. आणि पुन्हा फिट आलीच तर चमचा नको, कांदा नको. कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन करावा.

न्यूरोसर्जनना भेटाल तेव्हा आकाराविषयी फार विचारू नये. ‘या शस्त्रक्रियेने नेमकी कोणती तक्रार कमी होईल आणि ती कमी झाली नाही तर पुढे काय’ एवढे विचारावे. डाव्या टेम्पोरल भागाजवळ भाषेची केंद्रे आहेत, सिस्टच्या आतल्या कडेशी मोठी रक्तवाहिनी आणि डोळा हलवणारी नस असते. रक्तस्राव, पाणी झिरपणे, जंतुसंसर्ग, पापणी पडणे हे धोके अनुभवी हातांत कमी असतात, पण शून्य नसतात. शस्त्रक्रियेनंतर फोटोत पिशवी तेवढीच दिसते आणि तरीही माणसाला बरे वाटते, असेही होते. आणि याच्या उलटही होते.

पोफळी, गुहागर (२३ जून)

डॉक्टरांनी लिहिले आहे त्याला जोडून माझा अनुभव सांगतो. माझी सिस्ट वेगळी होती, हे आधीच स्पष्ट करतो, कारण माझ्या उदाहरणावरून तुम्ही निर्णय घेतलात तर चूक होईल.

मला कोलॉइड सिस्ट होती, १३ मिलिमीटरची. तुमच्या यजमानांच्या सिस्टपुढे ती सुपारीच्या खांडाएवढी. पण ती मेंदूच्या मध्यभागी, तिसऱ्या व्हेंट्रिकलच्या छताशी, पाणी वाहून जाण्याच्या अरुंद वाटेच्या तोंडावर बसली होती. मेंदूत रोज सुमारे अर्धा लिटर पाणी तयार होते आणि शोषले जाते, असे मला तेव्हा प्रथमच समजले. आगरात शिंपण्याचे पाट आयुष्यभर काढलेल्या माणसाला पुढचे समजावून सांगावे लागले नाही. पाटाच्या तोंडाशी एक करवंटी अडकली तरी मागचे सारे तुंबते. नारळ वेचायला वाकलो की डोक्यात घण बसत असे आणि आडवा झालो की काही वेळा एकदम उतार पडत असे. एकदा तर पाय अचानक लुळे पडून मी उभ्या उभ्या खाली बसलो, शुद्ध मात्र शाबूत होती. फोटोत दोन्ही बाजूंची व्हेंट्रिकल्स फुगलेली दिसली आणि मुंबईच्या डॉक्टरांनी मला घरी परत जाऊच दिले नाही. अशी वाट अचानक पूर्ण बंद झाली तर काही तासांत जीव जाऊ शकतो, असे त्यांनी माझ्या मुलाला बाहेर नेऊन सांगितले. आमच्याकडे निर्णय घ्यायला वेळच नव्हता आणि आता वाटते, तेच बरे झाले.

शस्त्रक्रिया दुर्बिणीतून झाली. डोकेदुखी त्याच आठवड्यात गेली. त्याची किंमत मात्र मोजावी लागली. या सिस्टला लागूनच स्मरणशक्तीच्या वाटेचा एक नाजूक पट्टा असतो आणि त्याला धक्का लागू शकतो, ही कल्पना आधी दिली होती. पुढचे चार महिने मला जुने सगळे आठवत होते, पण सकाळचे दुपारी आठवत नव्हते. त्या वर्षी आंब्याच्या पेट्यांवर मी एकाच गिऱ्हाइकाचे नाव तीन वेळा लिहिले आणि तिन्ही पेट्या पुण्याला रवाना झाल्या. त्यांनी तिन्हींचे पैसे दिले, हा भाग वेगळा. तेव्हापासून खिशात वही ठेवतो. आता नव्वद टक्के ठीक आहे असे मी म्हणतो, पत्नी ऐंशी म्हणते.

तुमच्या अहवालात व्हेंट्रिकल्स सामान्य आहेत, मध्यरेषा जागेवर आहे. म्हणजे पाट तुंबलेला नाही. तुमच्याजवळ विचार करायला वेळ आहे, तो वापरा.

खाडीपलीकडे, देवगड (२५ जून)

वरील दोन्ही प्रतिसाद मला पटले, परंतु एका मुद्द्याकडे कोणी लक्ष वेधलेले नाही. कोणती शस्त्रक्रिया सुचवली आहे यावर बरेच अवलंबून असते, आणि आपण कोठे राहतो यावरही.

माझ्या धाकट्या भावाला लहान मेंदूजवळ अ‍ॅरॅक्नॉइड सिस्ट होती आणि पाणीही तुंबले होते. त्याला पंधराव्या वर्षी शंट बसवला, म्हणजे सिस्टमधून पोटापर्यंत कातडीखालून बारीक नळी. शंटने तो शाळेत परत गेला, दहावी झाला, हे उपकार मी विसरणार नाही. पण नळी ही शेवटी नळीच. ती चोंदते, तिच्यात जंतू शिरतात, कधी प्रमाणाबाहेर पाणी ओढते. सात वर्षांत दोनदा ती बदलावी लागली. दुसऱ्या वेळी जुलै महिना होता. त्याला उलट्या सुरू झाल्या तेव्हा जवळच्या रुग्णालयात पित्त म्हणून दोन दिवस सलाइन लावून ठेवले. शंट आहे, असे आई पुन्हा पुन्हा सांगत होती. तिसऱ्या रात्री तो हाकेला ओ देईना, तेव्हा कोल्हापूरला निघालो. करूळ घाटात दरड आली होती, म्हणून फोंडा घाटाने गेलो. ज्या वाटेला एरवी साडेतीन तास लागतात तिला सहा लागले. गाडीत मी त्याच्या कानाशी पाढे म्हणत होतो आणि तो मधूनच एखादा आकडा पुढे म्हणत असे, तेवढाच काय तो आधार होता. तो वाचला. पण नळी बसवताना ‘तुमच्या घरापासून न्यूरोसर्जन किती तासांवर आहेत’ असे आम्हांला कोणी विचारले नव्हते आणि आम्हांलाही ते सुचले नव्हते.

म्हणून ताई, तुम्हांला जे सुचवले आहे ते छिद्र पाडणेच आहे ना, याची खात्री करून घ्या. त्यात आत काही ठेवले जात नाही, ही मोठी जमेची बाजू आहे. ते छिद्र पुढे बुजले तर दुसरा पर्याय म्हणून शंट सुचवणार का, हेही आताच विचारा. काही रुग्णांना शंटशिवाय गत्यंतर नसते आणि तसे असेल तर तो जरूर बसवावा, पण चोंदल्याची लक्षणे घरातल्या प्रत्येकाला पाठ असली पाहिजेत.

एका बाबतीत मात्र मी डॉक्टरांहून थोडे वेगळे म्हणेन. वाट पाहणे फुकट पडत नाही. अशा सिस्टच्या माणसाला डोक्यावर साधा मार बसला तरी क्वचित सिस्ट फुटते किंवा तिच्या भोवती रक्त साकळते. नौकेवर डोके आपटायला जागा कमी नसतात, आणि फिटचा माणूस पाण्यात पडला तर दोन मिनिटेही पुष्कळ झाली. शस्त्रक्रिया केली नाही तर समुद्र काही काळ सोडावा लागेल, हा त्या निर्णयाचाच भाग धरावा. आणि शस्त्रक्रिया केली तरी लगेच १ ऑगस्टला जाता येईल असे कोणी सांगितले असेल, तर ते लेखी मागून पाहा.

झावळ, वेंगुर्ले (२५ जून)

खर्चाविषयी थोडेसे. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत मेंदूच्या पुष्कळ शस्त्रक्रिया बसतात, पण फक्त योजनेतल्या रुग्णालयात. दाखल होण्याआधी तेथील आरोग्यमित्राला भेटून हीच शस्त्रक्रिया मंजूर होते का हे विचारावे आणि शिधापत्रिकेवरचे नाव व आधारवरचे नाव जुळते का ते पाहावे. आमच्या घरी एका वेलांटीने चार दिवस घालवले. सर्व फोटोंची सीडी मागून घ्या. नुसत्या अहवालावर दुसरे मत कोणी देत नाही.

सुरंगी, मालवण (१९ ऑगस्ट)

सर्वांचे आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण सांगण्यासारखे काही हाती यावे म्हणून थांबले होते.

डोळ्याचा पडदा तपासला, सूज नाही. ईईजीमध्ये डाव्या टेम्पोरल भागात दोष दिसला. डिफ्युजनच्या फोटोत सिस्ट काळीच आहे. वेदनाशामक गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने बंद केली. पहिले दहा दिवस डोकेदुखी इतकी वाढली की आमचेच चुकले असे वाटले. नंतर मात्र ती आठवड्यातून एकदा-दोनदा यावर आली. फिटचे औषध टप्प्याटप्प्याने बदलले आणि माझे जुने यजमान मला बरेचसे परत मिळाले. सासूबाई याचे श्रेय नवसाला देतात, मी वाद घालत नाही.

सीडी घेऊन त्याच न्यूरोसर्जनकडे पुन्हा गेलो आणि कातळ यांनी सांगितलेला प्रश्न जसाच्या तसा विचारला. ते रागावतील असे वाटले होते. त्यांनी खुर्ची पुढे घेतली आणि म्हणाले, डोळ्याला सूज नाही, डोकेदुखी अशी कमी होत असेल तर ती सिस्टची नव्हती असे मी धरीन. फिट थांबेल याची हमी मला देता येणार नाही. छिद्र बुजले तर शंटचा विचार करावा लागेल. मग यजमानांकडे वळून त्यांनी विचारले, की समुद्र सोडून वर्षभर राहता येईल का. हे बराच वेळ गप्प होते.

आम्ही शस्त्रक्रिया सध्या केलेली नाही. डिसेंबरमध्ये एमआरआय आहे. सिस्ट वाढली, पडद्यावर सूज आली किंवा औषध घेऊनही फिट येत राहिली, तर पुन्हा विचार करायचा, असे दोन्ही डॉक्टरांनी एकमेकांशी फोनवर बोलून ठरवले. त्यांनी परस्परांशी बोलावे एवढी साधी विनंती करायला आम्ही दोन महिने का लावले, हे मला अजून कळलेले नाही.

फिटशिवाय निदान वर्ष जाईपर्यंत नौकेवर जायचे नाही, मोटारसायकल चालवायची नाही, विहिरीवर एकट्याने जायचे नाही. नारळी पौर्णिमेला त्यांनी नारळ धक्क्यावरूनच सोडला. नौका दीर नेतात. हे पहाटे उठून धक्क्यावर लिलावाला उभे राहतात, दुपारी पडवीत जाळी दुरुस्त करतात आणि वायरलेस उशाशी ठेवतात. काल रात्री दिरांना जाळे टाकण्याची जागा सापडत नव्हती, तेव्हा यांनी अंथरुणात पडल्या पडल्या डोळे मिटून सांगितले, की किल्ल्याचा दिवा डाव्या खांद्यामागे येईपर्यंत चल, मग खोली मोज. मी शेजारी जागीच होते. त्यांनी एकही शब्द शोधला नाही.